जर्मनीत नवीन घरी इंटरनेट घ्यायचंय, नक्की कुठून सुरुवात करायची?

निळीसावली:
नमस्कार मंडळी. आम्ही नुकतेच जर्मनीत आलोय, मी, नवरा आणि आठ वर्षांची मुलगी. श्टुटगार्टच्या बाजूला एका लहानशा गावात तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर मिळालंय. आधी कंपनीने दिलेल्या फर्निश्ड फ्लॅटमध्ये वायफाय आयतंच होतं त्यामुळे या विषयाकडे बघायची वेळच आली नाही, आता या घरात आलो तर भिंतीवर दोन वेगवेगळ्या प्रकारची सॉकेटं आहेत, इंटरनेट नाही, आणि मी घरून काम करते. सध्या मोबाइल खिडकीत ठेवून हॉटस्पॉटवर मीटिंगा चालल्यात, मधेच आवाज तुटतो आणि डेटा तर बघता बघता संपतो.

तुलना करणाऱ्या साइटवर पत्ता टाकला तर एक कंपनी म्हणते २५० एमबीपीएस मिळेल, दुसरी म्हणते १०००, तिसरी म्हणते तुमच्याकडे फक्त ५०. घर तेच, भिंत तीच, मग हे कसं काय? शिवाय जिकडे तिकडे २४ महिन्यांचा करार, आणि नवऱ्याचा इथला प्रोजेक्ट किती चालेल याची काही खात्री नाही, मधेच दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात जावं लागलं तर? त्यात बँक खातं आम्ही मोबाइल अ‍ॅपवाल्या बँकेत उघडलंय, त्याचा आयबान (खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर) जर्मनीच्या डीई ने सुरू होत नाही, एका कंपनीच्या फॉर्मने तो घेतलाच नाही, लाल अक्षरात एरर. आणि एकीकडे ऑर्डर अगदी शेवटपर्यंत नेली तर टेक्निशियनची तारीख कित्येक आठवडे पुढची, ते पण सकाळी ८ ते दुपारी ४ मध्ये कधीही येईल म्हणे.

जुना राऊटर सामानात आणलाय तो चालेल का हा अजून एक प्रश्न. कोणी नीट क्रमाने सांगेल का, आधी काय करायचं नंतर काय. जर्मन अजून यथातथाच आहे.

डोंगरवाट:
ताई, कंपनी कुठली घ्यायची हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि आधी भिंतीवरची ती दोन सॉकेटं नीट बघा. जर्मनीत कुठलं इंटरनेट मिळणार हे तुम्ही नाही, तुमची बिल्डिंग ठरवते. साधारण चौकोनी डबी, तिच्यावर शेजारी शेजारी तीन उभ्या खाचा, ते टीएई, म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेचं सॉकेट, त्यावर डीएसएल चालतं आणि राऊटरची वायर मधल्या एफ लिहिलेल्या खाचेत जाते, बाजूच्या दोन एन च्या खाचांत ती बसतच नाही, जोर लावू नका. दुसरं ज्याला दोन किंवा तीन गोल तोंडं आहेत ते टीव्हीच्या केबलचं. त्यातलं तिसरं, डेटाचं तोंड असेल आणि त्याला आटे असतील तर केबल इंटरनेट शक्य आहे. दोनच गोल तोंडं असतील तर केबलवाल्यांना ते सॉकेट बदलावं लागतं.

आता तुमचं २५०, १००० आणि ५० चं कोडं. १००० वाला बहुतेक केबलवाला. तुमच्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात केबलचं जाळं पूर्वी युनिटीमीडियाचं होतं, २०१९ मध्ये ते व्होडाफोनने घेतलं. २५० वाला तांब्याच्या तारेवरचा. ही तार जवळपास सगळीकडे टेलिकोमची आहे आणि बाकीच्या कंपन्या तीच भाड्याने घेऊन विकतात, म्हणून डीएसएलची कंपनी बदलली तरी तार बदलत नाही. वेग ठरतो तो रस्त्यावरच्या त्या करड्या कपाटापासून तुमच्या घरापर्यंत तार किती लांब आहे त्यावर. २५० फक्त काही शे मीटरपर्यंत टिकतं, त्यापुढे उतरत जातं. ५० वाला बहुतेक त्याच तारेवरचा पण त्याच्याकडे तुमच्या पत्त्यासाठी वरचा टॅरिफ विकायला नसावा. तुलनेच्या साइटवर फार विसंबू नका, प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या साइटवर घर नंबरासकट पत्ता टाकून बघा. बुंडेसनेट्झआगेंटूर म्हणजे इथली नियामक संस्था, तिच्या ब्राइटबांडआटलास या नकाशावर पण पत्ता टाकून कुठलं तंत्रज्ञान तुमच्या घरापर्यंत आलंय ते फुकट दिसतं, रस्त्यात फायबर आलंय का तेही कळेल.

घरून काम करता म्हणून सांगतो, डाउनलोडच्या आकड्याला भुलू नका. व्हिडिओ कॉलला दोन्हीकडून वेग लागतो. केबलच्या १००० ला अपलोड साधारण ५० च असतं आणि डीएसएलच्या २५० ला ४० च्या आसपास, म्हणजे मीटिंगसाठी दोघांत फार फरक नाही. फरक पडतो तो संध्याकाळी, कारण केबलवर एका भागातली बरीच घरं एकाच वाटेवरून जातात, सगळे घरी येऊन सिनेमे लावतात आणि वेग खाली येतो. डीएसएलची तार निदान कपाटापर्यंत तुमची एकटीची असते.

माझं मत, दोन्ही शक्य असतील तर १०० चं डीएसएल सुद्धा तिघांना भरपूर होतं.

बोरूबहाद्दर:
डोंगरवाटांनी पहिल्याच प्रतिसादात पीएचडी सादर केलीये :) मी फक्त दोन गोष्टी टाकून जातो.

एक, टॉरंट. कनेक्शन आल्या आल्या ज्याच्या कोणाच्या लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर असेल ते काढून टाका, उद्यावर ढकलू नका. इथे वकिलाचं पत्र येतं, आबमानुंग म्हणतात त्याला, आणि त्यात शेकड्यांनी युरो मागतात. टॉरंटमध्ये तुम्ही डाउनलोड करता करता अपलोड पण करत असता आणि त्यांचा रोख त्या अपलोडवर असतो. पत्र येतं ते ज्याच्या नावावर कनेक्शन त्याला, भले पाहुण्याने केलेलं असो. आलंच तर सोबतच्या कागदावर सही करून मोकळं व्हायचं नाही आणि दुर्लक्ष पण करायचं नाही, आधी सल्ला घ्यायचा.

दोन, दारावर येणारे विक्रेते. "तुमच्या रस्त्यात फायबर आलंय, आज सही नाही केली तर जुनी तार बंद होणार" असं सांगतात. फायबर चांगलंच आहे, पण त्या घाबरवण्यात अर्थ नाही आणि दारात उभ्या उभ्या तर सही करूच नका. कागद मागून घ्या, घरात बसून वाचा. ग्राहक संघटना म्हणजे फरब्राउखरत्सेंट्राले यांनी पण या प्रकाराबद्दल सावध केलेलं आहे.

खारूताई:
कराराचं मी सांगते, कारण इथे नवीन आलेले लोक २४ महिने ऐकून उगाच दचकतात. १ डिसेंबर २०२१ पासून टेलिकॉमचा नवा कायदा लागू आहे आणि तो ग्राहकाच्या बराच बाजूचा आहे. पहिला करार जास्तीत जास्त २४ महिन्यांचा असू शकतो, पण कंपनीला जास्तीत जास्त १२ महिन्यांचा पर्याय पण द्यावाच लागतो, फक्त तो साइटवर पुढे मांडलेला नसतो, शोधावा लागतो आणि थोडा महाग असतो. पूर्वी मुदत संपायच्या आधी नोटीस द्यायची राहिली की अख्खं वर्ष पुढे गळ्यात पडायचं, आता तसं नाही, पहिली मुदत संपली की कधीही एक महिन्याच्या नोटिशीवर सोडता येतं. आणि १ जुलै २०२२ पासून, ज्या साइटवर करार ऑनलाइन करता येतो तिथे रद्द करायचं बटण असणं पण सक्तीचं आहे, साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतं, पण असतं.

घर बदललं तर काय: नवीन पत्त्यावर तीच कंपनी तीच सेवा देऊ शकत असेल तर करार तसाच पुढे न्यायचा, त्याच अटी, मुदत नव्याने सुरू होत नाही. हलवायचा चार्ज घेऊ शकतात पण नवीन कनेक्शनच्या चार्जपेक्षा जास्त नाही. आणि ती कंपनी तिथे ती सेवा देऊच शकत नसेल तर एक महिन्याची नोटीस देऊन मोकळे. देश सोडून गेलात तरी हाच नियम, पत्त्याची नोंद रद्द केल्याचा कागद जोडायचा. नोटीस वेळेत टाकायची मात्र, घर सोडायच्या दिवशी आठवण झाली तर पुढच्या महिन्याचं बिल भरावं लागतं.

तरी पण तुमच्या नवऱ्याच्या प्रोजेक्टचं नक्की नाही म्हणता, तर मी १२ महिन्यांचाच किंवा महिन्याच्या नोटिशीवरचा करार घेईन. त्या महिन्याच्या नोटिशीवाल्यात सुरुवातीचा जोडणी चार्ज भरावा लागतो आणि राऊटर बहुतेक स्वतःचा. आकडेमोड करा. नाहीतरी जाहिरातीतला दर पहिल्या काही महिन्यांचा असतो, पुढे तो चढतो, म्हणून पूर्ण मुदतीचे सगळे पैसे, राऊटरचं भाडं आणि जोडणी धरून बेरीज करायची आणि महिन्यांनी भागायचं. मी हे वहीत मांडलं तेव्हा सगळ्यात स्वस्त दिसणारा प्लॅन तिसऱ्या नंबरवर गेला.

आणि हो, फोनवर कोणी "फक्त हो म्हणा" म्हटलं तर हो म्हणायला हरकत नाही असं समजू नका, पण अगदीच घाबरू पण नका. फोनवर बोललात तरी आधी कराराचा गोषवारा लेखी यावा लागतो आणि तुम्ही तो लेखी मान्य करेपर्यंत करार पक्का होत नाही. तो गोषवारा नीट वाचा, त्यात मुदत, दर आणि वेग असतो. ऑनलाइन किंवा फोनवर किंवा दारावर केलेल्या करारातून १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते. दुकानात जाऊन सही केली तर हे लागू नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

रात्रपाळी:
डोंगरवाट यांच्याशी असहमत. घरून काम करणारीने सध्या वेगाने कनेक्शन मिळवणं महत्त्वाचं आहे, आणि तिथे केबल जिंकते. त्यांचं डेटाचं सॉकेट चालू असेल तर राऊटर पोस्टाने येतो, आटे पिळून केबल लावायची, मग ॲक्टिव्हेशन, बऱ्याच वेळा टेक्निशियन लागतच नाही. डीएसएलला बिल्डिंगच्या तळघरात किंवा रस्त्यावरच्या कपाटात कोणीतरी जाऊन तार जोडावी लागते म्हणूनच ती आठवड्यांची वाट. संध्याकाळचा वेग घसरतो हे खरं, पण ते भागाभागावर आहे, माझ्याकडे १००० चे संध्याकाळी ६०० होतात, त्याने कोणाचं काय अडलंय? शेजाऱ्याला विचारा, दार वाजवा, लोक सांगतात.

एक तोटा मात्र सांगायला हवा. केबलवर बऱ्याचदा स्वतःचा आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या घराचा नंबर, मिळत नाही, तो अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. नुसत्या ऑफिसच्या व्हीपीएनने बाहेर जायचं असेल तर सहसा चालतं, पण घरातला कॅमेरा किंवा हार्ड डिस्क बाहेरून उघडायची असेल तर अडतं. काही जुनी व्हीपीएन पण रुसतात. आयटी विभागाला आधी विचारून घ्या.

निळीसावली:
बापरे, एवढी माहिती! सगळ्यांचे आभार. आत्ता जाऊन बघितलं. टीएई हॉलमध्ये दाराच्या मागे आहे, तीन खाचा, मधे एफ. गोल वाल्याला तीन तोंडं आहेत, तिसऱ्याला आटे आहेत पण त्यावर एक छोटं धातूचं टोपण बसवलंय. घरमालक म्हणाले की टीव्हीची केबल पूर्वी नेबेनकोस्टेनमध्ये (भाड्यासोबत घेतात त्या इतर खर्चात) होती आता नाही, त्यामुळे केबल बंद आहे का चालू त्यांना माहीत नाही. आता काय समजायचं? आणि आयबानचं आणि जुन्या राऊटरचं कोणीच नाही सांगितलं. शूफा म्हणजे काय ते पण, फॉर्ममध्ये तपासणीला संमती द्या असं होतं.

पाऊसपाणी:
टोपण असलं म्हणजे मेलं असं नाही. झालंय काय, ३० जून २०२४ पर्यंत घरमालक केबल टीव्हीचे पैसे सगळ्या भाडेकरूंकडून नेबेनकोस्टेनमध्ये घेऊ शकत होते, १ जुलैपासून ते बंद झालं, मग ज्यांनी टीव्हीचा स्वतःचा करार केला नाही त्यांच्या सॉकेटला अडवणारं टोपण बसवायला लागले. इंटरनेटचा करार मुळातच वेगळा असतो, तो घेतला तर ते येऊन काढतात. स्वतः पकडीने काढू नका. केबलवाल्यांच्या साइटवर पत्ता टाकला तर उपलब्ध आहे का ते कळेलच, आणि सॉकेटचा फोटो काढून ठेवा, चॅटवर विचारतात. टोपण काढायला माणूस येणार असेल तर रात्रपाळींचं टेक्निशियन लागत नाही हे तुमच्या बाबतीत खरं ठरेलच असं नाही, ऑर्डर करतानाच विचारून घ्या.

आयबान: तुमचं बरोबर आहे, त्यांचं चुकतंय. सेपाच्या, म्हणजे युरोतल्या बँक व्यवहारांच्या, युरोपियन नियमाप्रमाणे, २०१२ चा आहे तो, युरोमधलं खातं त्या क्षेत्रातल्या कुठल्याही देशाचं असलं तरी लास्टश्रिफ्टसाठी (कंपनीने खात्यातून बिल परस्पर कापून घेण्यासाठी) घ्यावंच लागतं, फक्त डीई ने सुरू होणाराच द्या असं म्हणता येत नाही. लेखी कळवा, बऱ्याच वेळा फॉर्म अडवतो पण माणूस हाताने टाकून देतो. नाहीच ऐकलं तर वेटबेव्हेर्ब्सत्सेंट्राले नावाची संस्था आहे, ती अशा तक्रारी घेते. मात्र सध्या घाई आहे तुम्हाला, भांडण लांबवायचं नसेल तर इथल्या बँकेत साधं खातं उघडून टाकणं सोपं.

शूफा म्हणजे इथली क्रेडिट माहिती ठेवणारी संस्था. नवीन आलेल्याची तिथे काही नोंदच नसते, ती वाईट नोंद नव्हे, पण काही कंपन्यांचं कॉम्प्युटर रिकाम्या पाटीला पण नाही म्हणतो. नकार आला तर मनाला लावून घेऊ नका, दुसरीकडे अर्ज करा, किंवा डिपॉझिटवर देतात का विचारा. पत्त्याची नोंदणी म्हणजे अनमेल्डुंग झालीये ना? घरात आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, तो कागद जवळ ठेवा.

राऊटर: १ ऑगस्ट २०१६ पासून जर्मनीत स्वतःच्या पसंतीचा राऊटर लावायचा हक्क आहे, कंपनी तिचाच घ्या म्हणू शकत नाही, लॉगिनची माहिती द्यावीच लागते. पण तुम्ही आणलेला चालेल का हे त्याच्या मागे बघा. मागे फक्त इथरनेटची तोंडं असतील तर त्यात डीएसएलचा मोडेम नाही आणि केबलचा पण नाही, एकटा तो चालणार नाही. फेकू मात्र नका. मुख्य राऊटर आला की जुन्यातलं डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायची सोय) बंद करायचं, त्याचा पत्ता मुख्य राऊटरच्या पट्ट्यातला पण वेगळा ठेवायचा आणि लॅनच्या तोंडातून लॅनच्या तोंडात वायर घालायची, झाला लांबच्या खोलीसाठी वायफाय पॉइंट. तुमचा टीएई दाराच्या मागे आणि काम आतल्या खोलीत असेल तर उपयोगी पडेल. जुन्या बांधणीच्या जाड भिंती असतील तर हमखास.

विकत घ्यायचा झाला तर इथे सगळे फ्रिट्झबॉक्स घेतात. नंबर बघून घ्या, ७ ने सुरू होणारे डीएसएलचे, जसा ७५९०, ६ ने सुरू होणारे आणि नावात केबल असलेले केबलचे, जसा ६६६०, आणि ५५९० फायबरचा. २५० घेणार असाल तर सुपरव्हेक्टरिंग चालणारा हवा, खूप जुना मॉडेल नको. जुना बाजारातून घेताना डीएसएलवाला बिनधास्त घ्या, केबलवाला नको, कारण त्यातले बरेचसे मुळात कंपनीच्या मालकीचे भाड्याचे असतात, तुम्ही चालू करायला गेलात की कंपनी म्हणते हा आमचा आहे, आणि पैसे गेले.

डोंगरवाट:
रात्रपाळी, ६०० चे ६० होणाऱ्या गल्ल्या पण आहेत हो :) पण मुद्दा मान्य, शेजाऱ्याला विचारणं सगळ्यात बरं. आणि तिचं सॉकेट खरंच चालू निघालं तर सध्या केबल लवकर मिळेल हेही खरं.

ताई, डीएसएलची ऑर्डर करणार असाल तर फॉर्ममध्ये एक जागा असते तिथे लोक घाई करतात. घर नक्की कुठे आहे ते विचारतात, तिसरा मजला डावीकडे की उजवीकडे, आणि आधीच्या भाडेकरूचं नाव किंवा त्याचा फोन नंबर. हे ऐच्छिक वाटतं पण भरा. तळघरात एका डबीत सगळ्या फ्लॅटच्या तारा येतात आणि त्यांच्यावर बऱ्याच वेळा काहीच लिहिलेलं नसतं, तुमची जोडी कुठली हे शोधायला टेक्निशियनला हाच धागा असतो. घरमालकाकडून आधीच्या माणसाचं नाव घ्या, त्याने त्याचं कनेक्शन खरंच बंद केलंय का तेही विचारा, कारण त्याचं चालू असेल तर तुमची ऑर्डर अडकून पडते.

टेक्निशियन येणार त्या दिवशी तळघराची किल्ली हातात असू द्या. ती डबी कुलूपबंद खोलीत असते, किल्ली हाउसमाइस्टरकडे (बिल्डिंगची देखभाल करणाऱ्याकडे), आणि हाउसमाइस्टर नेमका त्या दिवशी गायब. आदल्या दिवशीच विचारून ठेवा. बेल वाजली की तो फार थांबत नाही, फोन सायलेंटवर नको. काम झाल्यावर त्याच्याच मशीनवर लाइनचा वेग किती येतोय तो दाखवायला सांगा आणि फोटो काढा, पुढे तक्रार करायची वेळ आली तर कामाला येतो.

आणि तो आलाच नाही तर गप्प बसू नका. ठरलेल्या वेळेला आला नाही तर १० युरो किंवा महिन्याच्या बिलाच्या २० टक्के, दोन्हीतलं जे जास्त असेल ते मागायचा हक्क आहे. चालू कनेक्शन बंद पडलं आणि तक्रारीनंतर दोन दिवसांत सुरू झालं नाही तर तिसऱ्या दिवसापासून रोजचे ५ युरो किंवा बिलाच्या १० टक्के, पाचव्या दिवसापासून १० युरो किंवा २० टक्के. आपोआप काही मिळत नाही, लेखी मागायचं. तारखा, वेळा, कोणाशी बोललात, सगळं एका ठिकाणी टिपून ठेवा.

खारूताई:
यात एक जोड. वेग कमी येतो असं नुसतं म्हणून उपयोग नाही, कराराच्या कागदावर किमान, नेहमीचा आणि कमाल असे तीन आकडे असतात, त्यांच्याशी तुलना होते. त्यासाठी बुंडेसनेट्झआगेंटूरचं ब्राइटबांडमेसुंग नावाचं प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर टाकायचं, राऊटरला वायर लावून मोजायचं, वायफायवर नाही. तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून ३० मोजण्या, रोज दहा, आणि दोन मोजणीच्या दिवसांत निदान एक दिवस मोकळा. कंटाळवाणं आहे पण त्याचा जो अहवाल निघतो तो दाखवला की बिल कमी करून मागता येतं किंवा नोटिशीशिवाय करार सोडता येतो. मैत्रिणीने केलं, आधी "राऊटर रीस्टार्ट करा" एवढंच म्हणणारी कंपनी अहवाल पाठवल्यावर पटकन बिल कमी करायला तयार झाली. संध्याकाळचा वेग घसरत असेल तर मोजण्या संध्याकाळी पण घ्या, सगळ्या सकाळी घेतल्या तर तुमचाच तोटा.

निळीसावली:
नवऱ्याने शेजारच्या आजोबांना विचारलं, त्यांच्याकडे केबल आहे आणि संध्याकाळी पण ठीक चालते म्हणाले, त्यांचा नातू गेम खेळतो त्यावर. म्हणून आता १२ महिन्यांची केबल बघतेय, ऑफिसच्या आयटीला व्हीपीएनचं विचारलंय, ते हो म्हणाले तर आजच ऑर्डर टाकते. टोपण काढायला माणूस येणारच असेल तर मधल्या काळात काय करू? हॉटस्पॉटचा डेटा अगदी संपत आलाय.

पाऊसपाणी:
प्रीपेड सिम घ्या जास्त डेटावालं, महिन्याच्या किंवा चार आठवड्यांच्या हिशोबाने मिळतं, करार नाही, शूफा नाही. ओळख पटवावी लागते, जुलै २०१७ पासून प्रीपेडला पण सक्ती आहे, पासपोर्ट घेऊन पोस्टात गेलं की काम होतं, व्हिडिओवरून करायला गेलात तर काही पासपोर्टना ते अडकतं. आणि ते सिम फोनमध्ये ठेवण्यापेक्षा सिम घालायचा एखादा साधा राऊटर मिळाला कोणाकडून तर बघा, तो खिडकीत ठेवला की फोन मोकळा राहतो आणि सिग्नल पण बरा धरतो. सिम घ्यायच्या आधी तुमच्या खिडकीत कुठल्या नेटवर्कचा सिग्नल चांगला येतो ते ऑफिसातल्या कोणाचा तरी फोन आणून बघा, गावात कंपन्याकंपन्यांत खूप फरक असतो.

मीटिंगमध्ये तुमचा व्हिडिओ बंद ठेवा आणि शक्य असेल तर आवाज फोनवरून डायल करून जोडा. लॅपटॉपचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप थांबवा, अर्धा डेटा तिकडेच जातो आणि आपल्याला पत्ता नसतो. सिनेमे लायब्ररीच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर उतरवून आणा मुलीसाठी.

बोरूबहाद्दर:
मुलीसाठी म्हणे :)

निळीसावली:
हाहा, तिला कळू देऊ नका, तिला वाटतंय घरात इंटरनेट कायमचंच नाहीये, पुस्तकं वाचायला लागलीये.
शेवटचा प्रश्न, बेलवर अजून आधीच्या लोकांचंच नाव आहे आणि घरमालक म्हणाले पाटी बनवायला दिलीये, वेळ लागेल. त्याने काही अडेल का? आणि माझं आणि नवऱ्याचं आडनाव वेगळं आहे.

डोंगरवाट:
अडेल! राऊटर पोस्टाने येणार तो नाव बघून, आणि टेक्निशियन पण नाव बघूनच बेल दाबणार, नाव नाही दिसलं तर "ग्राहक सापडला नाही" लिहून निघून जातो, आणि मग तो आलाच नाही असं म्हणून भरपाई पण मागता येत नाही. कागदावर मोठ्या अक्षरात दोन्ही आडनावं लिहा आणि चिकटपट्टीने आजच लावा, बेलवर पण आणि पत्रपेटीवर पण. करार ज्याच्या नावाने करणार त्याचं आडनाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा, घरमालकाला एक मेसेज टाकून कळवा म्हणजे तो काढून टाकणार नाही.

खारूताई:
आणि चिकटपट्टी दोनदा मारा, पावसात कागद उडतो.